पिस्तूल कुठवर न्यायचं

वर्ना: कप्प्याला कुलूप असून उपयोग नाही, हॉलिस. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही म्हणजे चालत नाही.

हॉलिस: अगं ताई, किल्ली लागते त्याला. फिरवून दाखवू?

वर्ना: किल्ली काय, साखळदंड बांध त्याला. कायद्यात नाव घेऊन लिहिलंय. कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डचा कप्पा ही पेटी धरायची नाही. तुझ्यासारखा कुणीतरी आधी होऊन गेला असणार, म्हणूनच लिहावं लागलं असेल.

हॉलिस: इतकी वर्षं माझं पिस्तूल तिथंच असतं. मागं शेरीफच्या माणसानं गाडी थांबवली, पिस्तूल बघितलं, आणि हरणाच्या शिकारीला कधी जाणार म्हणून विचारलं.

वर्ना: तो आपला शेरीफ. वेस्ट व्हर्जिनियातला. तुझ्या गाडीत पिस्तूल नसतं तर त्यानं तुझी तब्येत विचारली असती. उद्या तू न्यू जर्सीला चाललायस, लेकीकडं. मध्ये मेरीलँड लागतं, पेनसिल्व्हेनिया लागतं. राज्य बदललं की सासू बदलते.

हॉलिस: माझं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं ना सगळीकडं? लग्नाचा दाखला चालतो ना? लोरीन गेली तरी तो अजून चालतो.

वर्ना: ते चालतं. पिस्तुलाचं तसं नाही. आणि परवाना आहे कुठं तुझ्याकडं? आपल्याकडं लागत नाही म्हणून तू कधी काढलाच नाहीस. मी काल दिवसभर फोनला चिकटून होते. मेरीलँडच्या पोलिसांकडचा तो मुलगा इतका गोड बोलला, म्हणाला, बाई, भावाला सांगा, भरलेलं पिस्तूल हाताशी ठेवून आमच्याकडून गेला तर आम्ही त्याला ठेवून घेऊ.

हॉलिस: मग भरलेलं नेत नाही. गोळ्या वेगळ्या. पिस्तूल सीटच्या मागं.

वर्ना: सीटच्या मागं म्हणजे हाताशीच झालं की. डिकीत हवं.

हॉलिस: पिकअपला डिकी कुठून आणू? मागं उघडा हौदा आहे. त्यात टाकलं तर पहिल्या पेट्रोल पंपावर कुणीतरी उचलेल.

वर्ना: माझी गाडी ने.

हॉलिस: तुझ्या गाडीत माझे गुडघे कानाला लागतात.

वर्ना: लागू देत. कानाला काहीतरी लागलं तरच तू ऐकतोस.

हॉलिस: बरं. तुझी गाडी. डिकीत पेटी, पेटीला कुलूप, गोळ्या दुसऱ्या पेटीत. झालं? असं नेलं तर देशाचा कायदा आपल्या बाजूनं आहे. कुठूनही कुठंही नेता येतं, हे मलाही माहीत आहे. मी काही अगदीच दगड नाही.

वर्ना: अर्धं माहीत आहे. जिथून निघालास तिथं बाळगायची मुभा हवी, आणि जिथं पोचणार तिथंही हवी. तेव्हाच मधल्या राज्यांनी तुला वाट सोडायची. तू पुढं कनेक्टिकटला वगैरे चालला असतास तर गोष्ट वेगळी होती, तिथलंही बघावं लागलं असतंच म्हणा. पण तू न्यू जर्सीत आठवडाभर राहणार. आणि तिथला परवाना तुझ्याकडं नाही.

हॉलिस: म्हणजे पेटीत कुलूप लावून नेलं तरी गुन्हा?

वर्ना: तिथल्या बाईनं मला तेच सांगितलं. वर म्हणाली, लोक इथं येऊन पोलिसाला आपणहून सांगतात, साहेब, गाडीत पिस्तूल आहे बरं का. त्यांना वाटतं, खरं बोललं की सुटलो. आणि मग वर्षानुवर्षं आत बसतात. हॉलिस, तू अगदी असाच सांगशील. मला तू डोळ्यासमोर दिसलास.

हॉलिस: पोलिसाशी खोटं कशाला बोलायचं?

वर्ना: तेच तर म्हणतेय. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा, आणि आजोबा कोठडीत. लिनेटनं चार वर्षांनी तुला बोलावलंय. चार वर्षांनी! धाकटी नात तू अजून बघितली नाहीस. हे लोखंड घरी ठेवायला तुझं काय जातंय?

हॉलिस: तुला माहीत आहे काय जातं ते.

वर्ना: माहीत आहे. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा धंदा होता तुझा, त्या रात्री ज्यांच्या मदतीला थांबलास त्यांनीच तुला मारून बर्फात टाकलं. मीच आणलं तुला इस्पितळातून. पण त्याला किती हिवाळे झाले?

हॉलिस: रस्त्याला लागलं की अजून मागच्या प्रत्येक गाडीकडं आरशात बघत राहतो. पिस्तूल सोबत असलं की कमी बघतो. मी पळपुटा नाही, ताई.

वर्ना: कोण म्हणतंय तसं? घाबरतोस, एवढंच. मीसुद्धा लिफ्टमध्ये चढत नाही.

हॉलिस: पण न्यायचं ते त्यासाठी नाही.

वर्ना: मग कशासाठी?

हॉलिस: सोड.

वर्ना: आता सोड म्हणू नकोस. मी तीन राज्यांशी बोललेय तुझ्यापायी.

हॉलिस: ती पेटी बघ. खुर्चीखाली आहे.

वर्ना: अगं बाई. पोलादी आहे की. केवढी जड! ही कधी घेतलीस?

हॉलिस: गेल्या हिवाळ्यात. आकड्यांचं कुलूप आहे. किल्लीची पण होती, पण म्हटलं, किल्ली पोरांच्या हाताला लागते.

वर्ना: गेल्या हिवाळ्यात? लिनेटचं बोलावणं तर आत्ता आलं.

हॉलिस: हो. बोलावेल असं वाटलं नव्हतं. तरी घेतली. आता बोलावलंय, तर म्हटलं तिला दाखवू. आत पिस्तूल, रिकामं. गोळ्या दुसरीकडं. कुलूप लावून दाखवायचं, उघडून दाखवायचं. बोलून मला जमत नाही. मागच्या वेळी बोललो, त्याचं काय झालं ते बघितलंस तू.

वर्ना: हॉलिस, अरे, ज्या वस्तूपायी पोर चार वर्षं आली नाही, तीच वस्तू पेटीत घालून तिच्या दारात नेणार होतास?

हॉलिस: कुलूप लावून.

वर्ना: कुलूप लावून! धन्य आहेस. चल, फोन लाव तिला.

हॉलिस: आत्ता? काय म्हणू?

वर्ना: जे मला सांगितलंस ते. लाव, नाहीतर मी लावते. बघ, लावलाच.

(वर्ना फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये, टेबलावर ठेवते.)

लिनेट: आत्या? काय झालं? बाबा बरे आहेत ना?

वर्ना: बरा आहे. माझ्यासमोरच बसलाय, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. त्याला तुला काही विचारायचंय.

लिनेट: येत नाहीये का ते? आत्या, स्पष्ट सांग. आजोबा येणार म्हणून विनीला मी सांगून बसलेय.

हॉलिस: येतोय, येतोय. लिनेट, मी आहे. ते... तुमच्याकडचा कायदा विचारायचा होता.

लिनेट: कसला कायदा?

हॉलिस: पिस्तुलाचा. म्हणजे आणायला चालतं का. ताई म्हणते, चालत नाही.

लिनेट: बाबा.

हॉलिस: आणत नाहीये! नुसतं विचारतोय.

लिनेट: आत्या, खरंच हे बाबाच आहेत का? बाबांनी कधी कुणाला विचारलंय, अमुक चालतं का म्हणून?

वर्ना: तोच आहे. मीही चिमटा काढून बघितला.

लिनेट: चालत नाही, बाबा. इथं नाही चालत. आणि कायद्यानं चाललं असतं, तरी माझ्या घरात नसतं चाललं.

हॉलिस: हो. ते कळलंय. मी एक पेटी घेतलीय, लिनेट. पोलादी, आकड्यांचं कुलूप असलेली. आता ते तिच्यातच राहील. गाडीत नाही. ती तुला दाखवायची होती, म्हणून हे सगळं.

लिनेट: दाखवायला आणणार होतात? इथवर?

हॉलिस: मूर्खपणाच झाला म्हणायचा.

लिनेट: थांबा जरा. मी दुसऱ्या खोलीत जाते. हं. बाबा, तुम्हाला काय वाटतं, मी का निघून गेले होते?

हॉलिस: विनीनं कप्पा उघडला. चॉकलेट शोधत होती. पिस्तूल तिच्या हातात आलं, आणि ते भरलेलं होतं.

लिनेट: त्यानं मी हादरले, खरं आहे. पण त्या क्षणी मी निघाले नाही. तुम्ही ते तिच्या हातातून घेतलंत, परत कप्प्यात ठेवलंत, आणि म्हणालात, काही झालं नाही ना? मग कशाला रडतेस? त्यावर निघाले मी. तीन वर्षांची होती हो ती.

हॉलिस: रोज आठवतं मला ते. माझेही हात कापत होते. तुला दिसू नयेत म्हणून काहीतरी बोललो, आणि तेच बोललो. चुकलं माझं, लिनेट. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

लिनेट: हात कापत होते तुमचे?

हॉलिस: रात्रभर.

लिनेट: हे मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, तुम्हाला काहीच वाटलं नाही.

वर्ना: त्याला वाटतं सगळं. बाहेर काढायला आपल्याला पहार घ्यावी लागते.

हॉलिस: ताई, जरा गप्प बस. लिनेट, पेटी इथं ताईकडं राहील. तिच्या कपाटात. मी तसाच येतो.

लिनेट: आणि रस्त्यात? सगळा दिवस गाडी चालवायची. तुम्हाला भीती वाटेल ना, बाबा?

हॉलिस: तुला कुणी सांगितलं?

लिनेट: सांगायला कशाला हवं? लहानपणी अंधार पडायच्या आत तुम्ही आम्हाला गाडीतून घरी आणायचात. नंतर तर दोन-दोनदा दारं बघायचात. मला काय दिसत नव्हतं?

हॉलिस: वाटेल थोडी. वाटू दे.

लिनेट: मग मला फोन करत राहा. मी बोलत राहीन तुमच्याशी.

हॉलिस: छे! तुमच्या राज्यात गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. तेवढं मी स्वतः विचारून घेतलंय.

लिनेट: अहो बाबा!

वर्ना: ऐकलंस? एका दिवसात वकील झालाय. बरं, पावाचे रोल पाठवतेय मी त्याच्याबरोबर, आत पेपरोनी सॉसेज घातलेले. तुझ्याकडं तसले मिळत नाहीत. का त्यांनाही परवाना लागतो?

लिनेट: आत्या, भरपूर पाठव. विनीनं कधी खाल्लेलेच नाहीत. तुम्ही कुठल्या गाडीनं येताय बाबा? पिकअप?

हॉलिस: ताईच्या गाडीनं ठरलं होतं, डिकीसाठी. आता पिकअपच आणतो. गुडघे तरी सुटतील.

लिनेट: पिकअप नको. आत्याची गाडी आणा.

हॉलिस: का? आता डिकी कशाला हवी?

लिनेट: मागची सीट हवी. मुलींना गाडीत बसवायच्या खुर्च्या पिकअपमध्ये मावणार नाहीत. आठवडाभर इथं राहताय, तर विनीला शाळेत सोडायला कोण जाणार? मी अजून बाळाला घेऊन बाहेर पडत नाही.

हॉलिस: मी? विनीला? गाडीत?

लिनेट: तुम्हाला जमेल ना?

वर्ना: बोल की! फोनवर मान हलवून तिला काय दिसणार?

हॉलिस: जमेल. हळू नेईन. गाडीत काहीसुद्धा ठेवणार नाही, लिनेट. कप्पा रिकामा ठेवतो. तू बघ उघडून.

लिनेट: तिच्यासाठी चॉकलेट ठेवा त्यात. आणि ऐका, पेनसिल्व्हेनिया संपतं तिथं नदीवर पूल लागतो. पुलाच्या अलीकडं, डाव्या हाताला, एक छोटं खानावळवजा हॉटेल आहे. तिथं थांबा. आम्ही येतो.

हॉलिस: अगं, कशाला? मला पूल ओलांडता येतो की आता. कुणी अडवणार नाही.

लिनेट: माहीत आहे.

हॉलिस: बाळाला घेऊन एवढं लांब नको. तूच म्हणालीस ना, बाहेर पडत नाही म्हणून?

लिनेट: माहीत आहे, बाबा. तरी येते.