बबाईला कुठलं पान

—नाही, डोळे मिटून घेऊ नकोस, तोकाताके. आत्ता जागा होतास, पंखा इकडे वळव म्हणून डोळ्यांनी सांगितलंस, मी वळवला — आणि पान पुढे केलं की लगेच झोप? इतकी वर्षं संसार केला तुझ्याशी, तुझी खरी झोप मला कळत नाही होय? घोरतोस तू. बरं, पुन्हा विचारते. एकदा डोळे मिटलेस तर हो, दोनदा तर नाही. हे बघ — नीरफणसाचं. हेच घालायचास ना खड्ड्यातल्या बबाईच्या, आपल्या त्या थोराड अळूच्या बुडाशी, खत म्हणून, वाळवून, कुटून? ...नाही सांगत. मग हे, विहिरीमागच्या पिवळ्या फुलाच्या झुडपाचं? तेही नाही सांगत. अरे, अंगावरून वारं गेलं तेव्हा वाचा गेली तुझी, उजवा हात गेला, अक्कल तर नाही ना गेली? पाणी मागता येतं, माडी मागता येते, नर्सबाई आली की पोट आत ओढून घेता येतं — फक्त पानं दिसली की मेलं सगळं!

मला कळतं रे. खताचं गुपित बायकोला सांगायचं नसतं. तुझ्या बापाने तुला सांगितलं, थोरला म्हणून, धाकट्या बाउरोला नाही — तो जन्मभर त्यावरून कुढतोय. तू आपल्या कामोरितीला, थोरल्या पोराला सांगायचं. पण सांगितलंस का? जहाजावर नोकरीला निघायच्या आधी पोरगं तुझ्या मागेमागे फिरत होतं, तर म्हणालास, आधी माणूस हो, मग बघू. झाला माणूस. नाताळात लग्न करतोय. सुनेची माणसं मानेआबात, गावाच्या बैठकीच्या छपराखाली, मांडी घालून बसतील, सगळं गाव बसेल, तोकाताकेच्या खड्ड्यातून केवढा गड्डा निघतो ते बघायला. काठीला बांधून दोघांनी खांद्यावर आणावा लागेल, असं तूच सांगत सुटला होतास. मी काय ठेवू त्यांच्यापुढे, दुकानातला तांदूळ? बाउरो तर आत्तापासूनच दात काढतो. परवा कुंपणाशी येऊन म्हणतो कसा, वहिनी, खड्डा बरा आहे ना? दुसऱ्याच्या बबाईची चौकशी, निलाजरा! मी म्हटलं, चांगला आहे, पानं छपराला लागलीत. तुला सांगते ना रोज, तेच सांगितलं त्यालाही. नाही, म्हणजे — आहेच चांगला. आज सकाळीच खड्ड्यात उतरले होते, बुडाभोवतीच्या टोपलीतली माती बाजूला केली, पाण्यात बोट घालून चाखून पाहिलं आणि—

चाखलं कशाला? उगाच. सवय असते एकेक.

उघडलेस डोळे. आता बरे उघडलेस.

असा बघू नकोस माझ्याकडे. खारट आहे. झालं? त्या मोठ्या उधाणाला समुद्र रस्ता ओलांडून आला, आवाज नाही की काही नाही, आणि सरळ तुझ्या खड्ड्यात उतरला. तू इथे पडलेला. मी बादलीने उपसत होते, उपसावं तेवढं खालून पुन्हा वर येत होतं. पानं कडेने करपली, मग देठ बसले. तीन झाडं गेली, तोकाताके. उपटून पुरून टाकली मी, बाउरोला वास लागू नये म्हणून. एक राहिलंय — ते मोठं, लग्नाचं. त्याचा कोंब अजून हिरवा आहे. मला वाटलं, तुझ्या बापाचं खत पडलं तर धरेल जीव. म्हणून विचारतेय रोज, तुझं गुपित चोरायला नव्हे! तुला भरवते, तुझं अंग पुसते, तुझं काय बघायचं राहिलंय माझं? आणि एका पानासाठी—

काय? हात कशाला उचलतोस? हे पान? हे नाही. मग कुठे दाखवतोस, दार? बाहेर काय आहे? कुंपण?

बाउरो?

त्याला बोलावू? नीट सांग, तोकाताके. बाउरोला सांगणार आहेस पानं?

...एकदा. मी पाहिलं. एकदाच मिटलेस.

त्याला सांगशील. ज्याच्याशी धड बोलला नाहीस कधी, त्याला. आणि मी इथे पदरात पानं घेऊन—

बरं. बोलावते. मान वळव जरा. वळव म्हणते ना. लाळ पुसू दे आधी, त्याच्यासमोर नको.