आत्याचा पासपोर्ट

आईने हे बाहेर सांगायचं नाही म्हणून बजावलंय. पण तुम्ही थोडेच आत्याला सांगणार आहात?

आत्याला मुलीच्या बाळंतपणासाठी दुबईला जायचं होतं. आमच्याकडे फ्रिज आला तरी त्याला कुंकू लागतं. आत्याने पासपोर्टच्या फोटोवरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

शेजारच्या कॅम्प तीन वस्तीतला व्हिसाचा एजंट म्हणाला, "आंटी, इसपे वीजा नहीं मिलेगा. नया बनाओ."

"नवी वस्तू घरान आली, तं पूजा नको?" आत्या म्हणाली.

नवा पासपोर्ट बाबांनी कुलपात ठेवला. बाळंतपणाला आठ दिवस उरले, तेव्हा व्हिसा आला. विमानतळाच्या दारात बाबांनी पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि ते ट्रॉली आणायला वळले.

"बापूसला सांगू नको," माझ्या कानात पुटपुटत आत्याने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि...

आले गं आई.