लवूच्या होडीची पायरी

— बसा बसा, ओमकारसाहेब, उठू नका, कौतुकच करायला आलेय मी. पुण्याहून एवढे लांब मिरकरवाड्यात आलात, आमच्या मासळी कंपनीचा अठ्ठ्याण्णव सालचा प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर चढवलात — सोपं काम आहे का ते? नाहीच. बोट लागली की वजन, वजन झालं की बर्फ, बर्फ घातला की ट्रकची चिठ्ठी — एक काम संपलं की पुढचं आपोआप सुरू. हे आमच्या जुन्यातही होतं म्हणा, पण तुमच्यात रंग आहेत, हिरवा-तांबडा. मालक तर काय, ट्रक आज अर्धा तास लवकर सुटला म्हणून पेढे वाटायचेच राहिलेत.

तर तो अर्धा तास आला कुठून? प्रोग्रॅममधली माझी एक पायरी उडवलीत, तिच्यातून. ‘विनाकारण थांबा’ असं लिहिलंत ना तिच्यापुढे? वाचलं मी. नव्या व्हर्जनला ती चालेना, मग विचारायचं कशाला — राही काय, नुसती खुर्ची झिजवतेय. अहो, लवूच्या मासळीचं वजन पडल्याशिवाय ट्रकची चिठ्ठी निघायची नाही, ती पायरी होती ती. का म्हणजे? त्याची होडी जुनी, इंजिन रडकं, येतो सगळ्यांच्या मागून, दोन टोपल्या बांगडा घेऊन. — होय, दोनच. पण ताजा असतो. — सगळ्यांचाच असतो, ठाऊक आहे, बंदरावरच वाढलेय मी. पण बाकीचे वजनाला खेकसतात, आणि हा आधी विचारतो, जेवलीस काय. असो, ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नाही, तुम्ही नका लक्ष देऊ.

आज आला तर ट्रक गेलेला. भांडला असता तर बरं होतं. हसत म्हणाला मेला, राही, आता दाभोळलाच जातो मामाकडे, तिथेच राहीन. माझा डबा तसाच आहे बघा. तेव्हा नव्यात कशी बसवायची तशी बसवा, पण पायरी आजच परत घाला. मालकाला सांगा व्हर्जनचा दोष आहे, पुण्याचं ऐकतात ते.

थांबा, कीबोर्ड वाजवू नका जरा. — हे त्याचंच इंजिन. सुरू होत नाहीये. म्हणजे अजून गेला नाही तर.

तुम्ही कशाला उठताय? बसा, काम करा तुमचं. मी खाली जेटीवर जाऊन येते. कोणी विचारलं तर सांगा, वजन करायला गेलीय.