बांधकाम संपलं की पियानो

...आणि बातमी यायची कधी? तर मंगळवारी सकाळी, मी ओटमीलच्या पातेल्याला चिकटलेला थर नखानं खरवडत उभा असताना! तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं ज्या बातमीची वाट बघितली ती ऐकताना माणूस निदान धड कपड्यांत असावा... मी पायजम्यात. आणि शेजारचा डेल्बर्ट, गोल्फची गाडी थेट आमच्या हिरवळीवर घालून, मागच्या जाळीच्या व्हरांड्याशी येऊन बोंबलतोय, "ऑरिन! अरे ए ऑरिन! संपलं! शुक्रवारी शेवटचं घर! बांधकाम संपलं!" सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे बदललेले, आणि नाचतोय हो! मी म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणे, "छापून आलंय!" आणि आमच्या वसाहतीचा पेपर जाळीला चिकटवून धरला. पहिलं पान. शेवटच्या घराचा फोटो, फीत कापायची वेळ, लिंबू सरबत फुकट.

आता मला सांगा, हीच बातमी ऑक्टोबरात छापली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

अर्डिस फेब्रुवारीत गेली. अर्डिस म्हणजे माझी बायको. बातमी आली मे महिन्यात.

ते असो. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा कुठूनही सुरू करतो.

आम्ही विस्कॉन्सिनचे. अर्डिस एकतीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि मी एक्केचाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावायचो. शाळांचे, चर्चचे, दारूच्या गुत्त्यांतले, एकदा तर एका दातांच्या डॉक्टरचा, तो रोगी ओरडू लागला की पियानो वाजवायचा! तर थंडीनं अर्डिसची बोटं आखडायला लागली आणि आम्ही ठरवलं, फ्लोरिडा. निवृत्तांची वसाहत. पंचावन्नच्या खाली कुणी नाही, बर्फ नाही. अर्डिस म्हणाली, "आता स्वतःचं घर, स्वतःचा पियानो आणि स्वतःचा पियानोवाला. रविवारची प्रार्थना नाही, लग्नं नाहीत, मयतं नाहीत. मी फक्त माझ्यासाठी वाजवणार." मागणी काही फार नव्हती हो!

घरं दाखवायला शेरिलिन नावाची बाई होती. तिनं आम्हाला नेलं शेवटच्या रांगेत. मागं मोकळं कुरण, पाच-सहा गाई आणि राखाडी सारसांची एक जोडी, अशी डौलात चाललेली की जागा त्यांच्याच नावावर असावी. मी विचारलं, इथं मागं काही बांधणार नाही ना? शेरिलिन हसली. बत्तीस दात असतात माणसाला, तिला चाळीस असावेत. "बांधकाम आता संपतच आलंय सर! दोन वर्षं, फार तर!"

दोन वर्षं, फार तर. लक्षात ठेवा.

पियानो आला ट्रकमधून. बर्फातून निघालेला, दमट हवेत पोचला. लाकूड फुगलं, तारा उतरल्या. प्रवास करून आलेल्या पियानोला महिनाभर हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. मी म्हटलं, महिना जाऊ दे अर्डिस, मग लावतो. महिना गेला... आणि एकतिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता कपाटातले कप किणकिणायला लागले. बाहेर जाऊन बघतो तर कुरणात पिवळा रोलर! जमीन दाबायचा, थरथरणारा. सारस गेलेले, गाई गेलेल्या, आणि उलटे मागं येणारे ट्रक पीप, पीप, पीप... आणि ते पीपसुद्धा धड सुरात नाही! केसभर उतरलेलं! सगळ्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो, मला त्यातला केस ऐकू येतो. दिवसभर. नऊ वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकचा आणि पियानोचा काय संबंध? अहो, पियानोत एका पट्टीला तीन तारा असतात. त्यातल्या दोन वाजवल्या की त्यांच्यात एक बारीक थरथर ऐकू येते. खुंटी हळूहळू फिरवायची, ती थरथर विरून जाईपर्यंत. एवढंच आमचं शास्त्र. पण सगळं घरच थरथरत असेल तर तारेची थरथर कोण ऐकणार? मी अर्डिसला सांगितलं, "बांधकाम संपलं की लावतो."

ती म्हणाली, "रविवारी तर बंद असतं की त्यांचं."

मी म्हटलं, "रविवारी लावायचा आणि सोमवारी रोलरनं उतरवायचा, काय उपयोग?"

ती म्हणाली, "मग सोमवारपर्यंत तरी सुरात असेल ना!"

आता हे काय उत्तर झालं? मी तेव्हा असंच म्हटलं, हे काय उत्तर झालं! फेब्रुवारीपासून मी त्यावर विचार करतोय... उत्तर झालं.

बरं, दोन वर्षांनी मागचं कुरण घरांनी भरलं आणि रोलर पुढं सरकला. शांत झालं! खरोखर शांत. आता शहाणा माणूस काय करेल? अवजारांची पेटी उघडेल, पियानो लावेल. आम्ही काय केलं? घर बदललं!

हसू नका. आमच्याकडं सगळेच करतात. दर मंगळवारी नमुन्याची नवी घरं बघायला उघडतात आणि अख्खी वसाहत गोल्फच्या गाड्या काढून रांग लावते. कुणाला घर हवं असतं असं नाही. सरबत असतं, बिस्किटं असतात, दुसऱ्याच्या ओट्याला नावं ठेवता येतात. "हे काय, खिडकी पश्चिमेला?" "आणि टॉवेल कुठं टांगायचा?" त्याच रांगेत उभे राहून बांधकामाच्या नावानं शिव्या घालायच्या, धूळ किती, आवाज किती, आणि मग आत जाऊन सही करायची. डेल्बर्टनं चार वेळा बदललं! तर मागं कुणाचं तरी मांस भाजायचं चुलाण बघून मी कंटाळलो होतो आणि शेरिलिन म्हणाली, "सर, नवी शेवटची रांग! मागं कुरण! सारस!" मी म्हटलं, आणि बांधकाम? "दोन वर्षं, फार तर!"

अर्डिस म्हणाली, "अरे, सारस तर पोस्टाच्या दारातसुद्धा फिरतात. मला नकोत सारस."

पण घेतलं. पियानो पुन्हा ट्रकमध्ये. पुन्हा महिनाभर हात लावायचा नाही. एकतिसाव्या दिवशी... तुम्हीच सांगा काय झालं असेल. कप किणकिणले! आणि हे आम्ही दोनदा केलं. तीन घरं, तीन शेवटच्या रांगा, एक बेसूर पियानो.

आणि ती वाजवायची हो. तसाच. रोज दुपारी चार ते पाच. नाताळात डेल्बर्ट आणि त्याची बायको ट्वायला ऐकायला आले. डेल्बर्ट डोळे मिटून म्हणतो, "वा अर्डिस! अगदी जुन्या गुत्त्यात बसल्यासारखं वाटलं!" बिचाऱ्यानं कौतुक केलं होतं. माझ्या एक्केचाळीस वर्षांच्या अब्रूचं काय? ट्वायलानं विचारलं, "ऑरिन पूर्वी काय काम करायचा गं?" अर्डिस माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुतारकाम."

मग गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं. वर्षांत नाही सांगितलं, महिन्यांत सांगितलं. आम्ही गाडीतून घरी आलो. आल्यावर अर्डिस खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता पियानोवर बसली, दोन पट्ट्या दाबल्या, नाक मुरडलं आणि म्हणाली, "ऑरिन, आता लाव ना."

तडक उठलो आणि विक्री-कचेरीत गेलो! म्हटलं, शेरिलिन, मला थापा नकोत, तारीख हवी. बांधकाम कधी संपणार? ती हसली. नऊ वर्षांत दात तेवढेच. "संपतच आलंय सर! दोन वर्षं..." मी म्हटलं, फार तर म्हणू नकोस! हेच तू मला नऊ वर्षांपूर्वी सांगितलंस! तेव्हा ती हसायची थांबली. पहिल्यांदाच बघितली तशी. हळूच म्हणाली, "सर, लोक घेतात तोवर आम्ही बांधतो. तुम्हीच तीन घेतलीत."

सरबत पिऊन बाहेर आलो.

तिथून थेट कुंपणापलीकडं, मुकादमाकडं. युसेबिओ नाव. डोक्यावर टोपी, टोपीवर धूळ, धुळीवर चष्मा. म्हटलं, भाऊ, तू तरी खरं सांग. तो म्हणाला, "सेन्योर, पंधरा वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा मला सांगितलं होतं, दोन वर्षांचं काम आहे, फार तर. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती गाडी चालवायला शिकते." मग त्यानं विचारलं, "पण तुम्हाला घाई कसली?" आणि मी, का कुणास ठाऊक, त्या धुळीत उभा राहून त्याला सगळं सांगितलं. अर्डिस, डॉक्टर, तारा, थरथर.

त्यानं टोपी काढली. म्हणाला, "बाराला पोरं जेवायला बसतात. मी रोलर बंद ठेवतो, ट्रक थांबवतो. रोज अर्धा तास. चालेल?"

आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "अर्ध्या तासात पियानो लागत नसतो. निदान तीन तास लागतात. तेही सलग."

सलग!

घरी येऊन मोठ्या फुशारकीनं अर्डिसला सांगितलं. म्हटलं, बघ, लोकांना वाटतं पियानो लावणं म्हणजे चाकात हवा भरणं. अर्धा तास म्हणे! ती सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. म्हणाली, "ऑरिन, अर्ध्या तासात एक सप्तक झालं असतं ना रे? मधलं? मी हल्ली मधलंच वाजवते. माझे हात कडेपर्यंत कुठं पोचतात?"

मी म्हटलं, एक सप्तक सुरात आणि बाकीचं बेसूर, असं काम मी जन्मात केलेलं नाही.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता रोलर बंद पडला. मी सांगितलं नव्हतं, तरी. ट्रक थांबले. खिडकीतून बघितलं तर युसेबिओ डबा मांडीवर घेऊन आमच्या घराकडं कान लावून बसलेला. अर्डिस जागी होती. मी पेटीला हात लावला नाही. साडेबाराला रोलर सुरू झाला. असं त्यानं अकरा दिवस केलं, मग त्याला दुसऱ्या टोकाला पाठवलं.

तुम्ही विचाराल, आणि रविवार? रविवार येत होते. ऑक्टोबरापासून फेब्रुवारीपर्यंत सतरा आले. कधी तिला झोप लागलेली असायची, कधी पाव्हणे, कधी इस्पितळ. कधी यातलं काहीच नसायचं. खरं सांगायचं तर पेटी मी दोनदा दारापर्यंत आणली. पण वाटायचं, लावला की ती वाजवणार, वाजवून झालं की म्हणणार, झालं बाई एकदाचं. आणि मला ते झालेलं नको होतं. अजून काहीतरी बाकी आहे म्हटलं की माणूस थांबतो, असा माझा समज.

थांबत नाही.

तर शुक्रवारी फीत कापली. मी गेलो होतो, डेल्बर्टनं ओढून नेलं. दोनेकशे गोल्फच्या गाड्या, बँड, शेरिलिन रडतेय, लोक टाळ्या वाजवताहेत... ज्यांनी नऊ वर्षं शिव्या घातल्या तेच! रोलर ट्रकवर चढवला आणि नेला. जाताना तो ट्रक मागं आला, पीप, पीप, शेवटपर्यंत केसभर उतरलेला!

आणि सोमवार. सात वाजले, कप गप्प. आठ वाजले, गप्प. अशी शांतता मी विस्कॉन्सिनात बर्फ पडल्यावर ऐकली होती, त्यानंतर आत्ता. पियानो लावायला याहून चांगला दिवस होणे नाही! पेटी आणली, झाकण उघडलं, खुंट्यांची चावी घेतली, बाजूच्या तारा दाबायची लोकरीची पट्टी खोचली. मधली एक पट्टी वाजवली. थरथर स्वच्छ ऐकू आली, मोजता येईल इतकी. चावी खुंटीवर बसवली... आणि फ्रिज गुरगुरला. आता असं कसं चालेल? उठून फ्रिज बंद केला. मग घड्याळ टिकटिकतंय. काढून गॅरेजमध्ये ठेवलं. मग पंखा. मग दूर कुठं तरी कुणी तरी पाइपनं झाडांना पाणी घालतंय, ते ऐकू यायला लागलं! मला सांगा, इतक्या शांततेत माणसानं काम करायचं कसं? चार वाजले. पाच वाजले. फ्रिजमधलं आइस्क्रीम वितळून खाली आलं, ते पुसलं.

परत येऊन बसलो. पुन्हा तीच पट्टी वाजवली. बेसूर, कान किटावेत इतकी. रोज चार ते पाच हाच आवाज यायचा या घरात.

चावी काढून पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. डेल्बर्ट पुन्हा हिरवळीवर! "ऑरिन, ऐकलंस का? महामार्गाच्या पलीकडची जमीन घेतली त्यांनी! नमुन्याची घरं उघडलीत! शेवटची रांग, मागं गाई!" मी विचारलं, आणि ते कधी संपणार? तुम्हाला ठाऊक आहे तो काय म्हणाला. माझ्या तोंडून पुन्हा वदवू नका.

गेलो त्याच्याबरोबर. घरात बसून काय करणार? सरबत बरं होतं. ओट्याची उंची चुकलीय. घर घेतलं नाही.

पियानो लावलेला नाही.