घोटभर पाणी कोणाच्या वाट्याला?

मंडळी, एक सांगा — माणसानं एकाच विद्येत खोल उतरावं, की चार विद्यांना हात लावावा? लगेच माना डोलवू नका! आमचे पेटीवाले बघा. उभा जन्म पेटीत गेला. पण कान कुठे असतो? तबल्याकडे! नसता, तर तुम्ही केव्हाच उठून गेला असता!

तर ऐका. कृष्णाकाठच्या एका गावात भार्गवअण्णा नावाचे मास्तर होते. गणित शिकवायचे, भूगोल शिकवायचे, सुट्टीत पोरांना नदीत पोहायला शिकवायचे. मुलगी मंदाकिनी बापावर गेलेली — हाताला लागेल ते पुस्तक वाचणारी. म्हातारपणी अण्णांचं हृदय थकलं, आणि त्यातच मुतखडा! मंदाकिनी त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. काय तो दवाखाना! एका अवयवाला एक डॉक्टर, एका डॉक्टरला एक दार!

डावीकडचे हृदयाचे. म्हणाले, "पाणी अगदी बेताचं. जास्त झालं तर छातीत साठेल."

उजवीकडचे मुतखड्याचे. म्हणाले, "पाणी भरपूर! तांब्यामागून तांब्या!"

आता अण्णांनी करावं काय? सांगा ना!

मंदाकिनी उजवीकडे गेली. "डॉक्टर, समोरचे नको म्हणतात."

"ते हृदयाचं झालं. तो माझा विषय नाही."

गेली डावीकडे. "खड्याचं त्यांना विचारा, ताई."

"अहो, मधे फक्त एक बाकडं आहे! दार उघडून बोला ना एकमेकांशी!"

"तसं नसतं, ताई. रीतसर नंबर लावा."

नंबर! डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलावं म्हणून पेशंटनं नंबर लावायचा! हसताय? हसा. बाकड्यावरचे अण्णाही हसले. म्हणाले, "मंदे, यांनी माझी वाटणी केली बघ. हृदय त्यांना, खडा यांना. तहान कोणाच्या वाट्याला गेली, तेवढं विचारून ये."

मग ओठांवरून जीभ फिरवली. "घोटभर पाणी दे गं."

बाटली मंदाकिनीच्या हातातच होती. तिनं दोन्ही दारांकडे पाहिलं. हृदयावरचं वाचलं होतं, मुतखड्यावरचंही वाचलं होतं — सगळं थोडं थोडं! तेवढ्याच्या जोरावर झाकण उघडायची हिंमत होईना. "थांबा हं अण्णा, विचारून येते."

गेली. दोन्ही दारांत विचारलं. आणि काय नवल — दोघांचं एकमत! "एक घोट? त्यानं काय होतंय? द्या की!"

ती बाहेर आली, तेव्हा बाकड्यावर अण्णांची मान कलली होती.

घरी आणल्यावर रीतीप्रमाणे तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. पाणी ओठांच्या कडेनं ओघळून गेलं. मंदाकिनीनं ते पदरानं टिपलं.

एका घोटानं अण्णा वाचले असते का? नाही, मंडळी. पण तहानलेले गेले नसते!

डॉक्टर वाईट नव्हते. विद्या खरी होती. मंदाकिनीचं वाचनही खोटं नव्हतं. फक्त अख्खे अण्णा कोणाचाच विषय नव्हते!

आणि तुम्ही? डॉक्टरांना नावं ठेवत बसलात होय? थोरला आईची पेन्शन बघतो, धाकटा गोळ्या बघतो, सून पथ्य बघते. अहो, आईकडे कोण बघतं?

आज घरी गेलात की तिच्याजवळ टेका. काय हवंय, तिलाच विचारा. आणि पाणी म्हणाली — तर कोणाला विचारायला जाऊ नका. उठा!