एक ओळ जास्त

बांडुंगच्या कॉलेजात प्रबंधाची तोंडी परीक्षा चालली होती. बाहेरच्या बाकावर वृद्ध सुरादी पुस्तकात डोकं घालून बसले होते. कान मात्र शेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या दोघींकडे होते.

“वेनिंग, परीक्षकांचे भाताचे लेम्पर खाऊन झाले, आता तुझाच नंबर! तुझ्या प्रोग्रामचा सर्व्हर चालला का?”

“कुठला! मॉड्यूल लोड करते, मग सर्व्हर सुरू करते, की कोड लिहायचा एडिटर म्हणतो, सर्व्हरची जागा आधीच घेतलीय.”

“कोणी?”

“काय माहीत... अगं लासमी! मॉड्यूल लोड होतानाच सर्व्हर उभा करतं! मी वर दुसरा उभा करत बसले!”

“मग खोड ना बये ती ओळ!”

“खोडली... चालला! एडिटरनं उत्तर दिलं!”

“हळू, आजोबा वाचताहेत. आणि तीन आठवडे काय केलंस विचारलं तर?”

“सांगेन, एक ओळ खोडली.”

दार उघडलं. वेनिंगचं नाव पुकारलं गेलं.

“जा पोरी, जा!” सुरादी ओरडले.