चार बोटं माया

—नाही नाही, ताई, आधी तो चिमटा खाली ठेवा, मग सांगते. त्या टाक्यांवर मी नवस बोलले होते. हसू नका. लोक देवाला सोनंनाणं कबूल करतात, माझ्याकडे कुठलं सोनं — मी म्हटलं, देवा, या झग्याला कात्री लावणार नाही. पोरगी पुन्हा अंगानं भरू दे, मग माझ्याच हातानं टाके उसवीन. एवढंच. आणि झग्याला लावलेल्या तुमच्या त्या संग्रहालयाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय? ‘नंतरची दुरुस्ती, अननुभवी हात.’ अननुभवी! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बरं झालं बाई, कुणीतरी लेखी दिलं. काल फोनवर मी शिंप्याला पुढं केलं ना — शिंपी-बिंपी कुणी नाही. मीच ती.

झगा सासूबाईंच्या आजीचा, हे मात्र खरं सांगितलं. घरातल्या मुली लग्नात हाच घालायच्या. आमच्या ठकीला तर बेतून शिवल्यासारखा बसायचा — म्हणजे आजारपणाआधी. दवाखान्यातून घरी आली तेव्हा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायला लागला. लग्न पुढं ढकललेलं, पण झग्यातला फोटो काढायचाच, हा तिचा हट्ट. म्हणाली, आई, बाजूनं सरळ काप आणि मोकळी हो. कापू कशी? कापलं म्हणजे ही आता भरायची नाही, हे मीच कबूल केल्यासारखं नाही का झालं? म्हणून आत दुमडलं, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया ठेवली — शिवणीतल्या जादा कापडाला तुम्हीही मायाच म्हणता ना? हं. आणि दोरा घेतला चांगला जाड, सुती. पक्का बसावा म्हणून. आता तोच रेशमाला कापतोय, घडीवर धागे तुटताहेत — दाखवलंत तुम्ही भिंगातून, कळलं मला, मी काही हट्टी नाही. म्हणजे आहे. एकोणीस वर्षं झाली, आता कोण भरायचंय? पण टाके होते तोवर नवस उभा होता, ताई.

आणि तो डावीकडचा, आतला तपकिरी डाग — चहाचा म्हणाले होते ना मी? आतून कुणी चहा सांडतं का! तुम्ही भल्या, तसंच लिहून घेतलंत. फोटोवाला उशिरा आला हो त्या दिवशी. दुपारभर पोर ताठ बसून होती. जाड घडी, त्यावर माझ्या गाठी, आणि खाली नुसती बरगडी. मध्येच म्हणाली, आई, तुझी माया टोचतेय गं. सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, टोचू दे, पुढं उपयोगी पडेल. झगा उतरवला तेव्हा पाहिलं — सोलून निघाली होती. वर मलाच म्हणते, फोटो छान येईल बघ. पंधरा दिवस उरले होते तिचे, आणि त्यातली एक दुपार मी... एक टाका सैल केला असता तर काय देव रागावला असता?

नाही, पाणी नको. ते बघा, घडी जरा उघडलीत तिथं — बाहेरचा रंग पार उडालाय आणि आत कसा लिंबाच्या सालीसारखा कोवळा राहिलाय. उन्हानं पाहिलंच नाही त्याला.

उसवा. नाही, मी नको, माझ्या हातानं उसवायचे ते ती भरल्यावर, तुम्हीच उसवा. टोचतंय तिला. फक्त ती आतली माया छाटू नका, नीटनेटकं दिसावं म्हणूनसुद्धा नको. कात्री दोऱ्याला लावा, रेशमाला नाही. मी नवस बोलले होते ना, तसं तुम्हीही बोला — मनातल्या मनात नको, ताई. मोठ्यानं बोला.